दातारकाकांचं ओलं गोणपाट

आमच्या आईने वाळवंटात पाच नद्या पाळल्या होत्या. मुळा, मुठा, नीरा, भीमा आणि इंद्रायणी. पाचही तपकिरी, पाचही आगाऊ, आणि बाबांच्या मते पाचही "सेम बॅचच्या". बाबा अमिरातीतल्या रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कंपनीत क्वालिटीला होते. टाइलच्या पांढऱ्या रंगातल्या सात छटा त्यांना लांबून ओळखता यायच्या, पण मुळा कुठली आणि मुठा कुठली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पक्ष्यांच्या बाजारातून त्यांनीच त्या आणल्या होत्या, एकेक पंचवीस दिरहमला. घरी येईपर्यंत गाडीत त्यांचं चाललं होतं, "म्हणजे पावणेसहाशे रुपये झाले गं एकीचे! पुण्यात एवढ्यात..." आणि मागच्या सीटवर माझ्या मांडीवरच्या खोक्यातून पाचजणी मोठमोठ्याने निषेध नोंदवत होत्या. आई माझ्या शेजारी, खोक्याच्या भोकातून एक बोट आत घालून बसली होती.

आमचं घर म्हणजे एक जुना, एकमजली विला. विला म्हटलं की पुण्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर लगेच स्विमिंग पूल यायचा. प्रत्यक्षात तीन खोल्या, एक गळका नळ, आणि कुठलीही दुरुस्ती काढली की घरमालक अबू सालेम यांचं हसतमुख "इन्शाल्ला". मात्र घराला चारी बाजूंनी उंच भिंत होती, आत वाळूचं अंगण होतं आणि अंगणात एक म्हातारं बोरीचं झाड होतं. त्याच्याखाली बाबांनी टाइलच्या पॅकिंगच्या लाकडी पट्ट्या आणि जाळी वापरून खुराडं बांधलं. बांधताना स्पिरिट लेव्हल लावून बघत होते. कोंबड्यांना त्याचं काय कौतुक! पहिल्या दिवशी त्या आत गेल्याच नाहीत, छपरावर जाऊन बसल्या. आता मी बाणेरला अकराव्या मजल्यावर राहते. सोसायटीत कबुतरांना दाणे टाकायलाही बंदी आहे. तरी पहाटे जाग आली की कान आपोआप तिकडचेच आवाज शोधतात. आधी मशिदीतली अजान, मग एसीच्या कॉम्प्रेसरची घरघर, आणि मग अंगणातून मुळेचा तो लांबलचक, तक्रारीच्या सुरातला आवाज. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आम्ही कोंबडा पाळला नव्हता. ती कसर मुळा भरून काढायची.

आम्ही अंडी खाणारे शाकाहारी. हा प्रकार फक्त आपल्याकडेच आढळतो. पुण्याला आजीच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती, आणि इथे शनिवारी सकाळी आई आठ-आठ अंड्यांची भुर्जी करायची, भरपूर कांदा, कोथिंबीर आणि पुण्याहून आणलेला काळा मसाला घालून. ती आम्ही गरम खुबूसमध्ये, म्हणजे तिथल्या अरबी रोटीत, गुंडाळून अंगणात उभ्याउभ्या खायचो, आणि पायात घुटमळणाऱ्या नद्यांना खुबूसचे कडेचे तुकडे टाकायचो. आजीचा फोन आला की आई पटकन तोंड पुसायची. फोनवरून वास जात नाही हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. एक गोष्ट मात्र चेष्टेत घालवण्यासारखी नाही. आई पुण्यातली शाळेतली नोकरी सोडून इथे आली होती. सुरुवातीची काही वर्षं ती दुपारी एकटी असताना रडायची, मला ते शाळेतून आल्यावर तिच्या डोळ्यांवरून कळायचं. दर महिन्याला एकदा तरी "आपण परत जाऊ या" व्हायचं. कोंबड्या आल्यावर ते थांबलं. माणसाला बोलायला कुणीतरी लागतं आणि बाबा काही ते काम करत नव्हते.

बोलायचं म्हटल्यावर 'आखाती कुक्कुट परिवार' आलाच. नाव ऐकून हसू नका, आम्ही पुष्कळ हसून झालोय. शारजा, अजमान आणि आमच्याकडचे मिळून वीस-बावीस मराठी लोक, बहुतेक सगळे ऑफिसात कीबोर्ड बडवणारे, आणि ज्यांना ज्यांना वीतभर अंगण मिळालं त्यांनी त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांचा हा फोनवरचा ग्रुप. दुबईत ऊद मेथाला मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत आईची आणि दातारकाकांची ओळख झाली आणि बटाट्याची भाजी वाढून होईस्तोवर आई ग्रुपमध्ये होती. दातारकाका म्हणजे ग्रुपचे संस्थापक, अॅडमिन आणि धन्वंतरी. मूळचे अकोल्याचे, शारजात राहायचे, दुबईत एका इन्शुरन्स कंपनीत नोकरी. सकाळी दीड-दोन तास आणि संध्याकाळी तेवढेच ते ट्रॅफिकमध्ये अडकलेले असत, आणि तो सगळा वेळ कोंबड्यांवरच्या व्हॉइस मेसेजमध्ये सत्कारणी लावत. मागून हॉर्न वाजतायत, इंडिकेटरची टिकटिक चाललीय, आणि काका सांगतायत, "हे बघा मंडळी, कोंबडीची विष्ठा हा तिचा रिपोर्ट असतो. रोज वाचायचा." आमच्याकडे हे मेसेज बाबा नाश्त्याच्या वेळी स्पीकरवर लावायचे. मी म्हणायचे, "बाबा, प्लीज! आयॅम ईटिंग!"

त्या ग्रुपमध्ये प्रश्न एक आणि उत्तरं चौदा. कुणाची कोंबडी नुसती शिंकली तरी अजमानच्या सबनीसकाकू ओव्याची धुरी सांगायच्या, दुसरं कुणी हळद-लसूण, तिसरं कुणी ताक. मग 'ताक अजिबात नको'वाले उठायचे, आणि शेवटी दातारकाकांचा दोन मिनिटांचा निकाल यायचा. तो अंतिम. "खलास, दातारसाहेब बोलले," असं म्हणून बाबा फोन खाली ठेवायचे. सगळ्यांकडे सल्ला होता, पण एक गोष्ट कुणीच लिहायचं नाही, ती म्हणजे आपली कोंबडी मेल्याची. तसा नियम नव्हता. पण इतक्या जणांना इतकं शिकवून झाल्यावर 'आमची गेली' हे लिहायचं कोणत्या तोंडाने? म्हणून लोक गप्प बसायचे. परवापर्यंत सहा कोंबड्यांचे फोटो टाकणारा माणूस आज चारच्या फोटोखाली 'गुड मॉर्निंग' लिहायचा आणि आम्ही सगळे मोजता येत नसल्यासारखे खाली अंगठ्याची चित्रं टाकायचो. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायची पद्धत होती, कोंबड्या बघायच्या, साबुदाण्याची खिचडी खायची. त्या वर्षी दातारकाकांकडे जमणं काही झालं नाही, कारण त्यांच्या घराला रंग चालला होता. चांगला अख्खा हिवाळाभर चालला होता. नलिनीकाकू, म्हणजे त्यांची बायको, सासूबाईंच्या आजारपणासाठी अकोल्याला जाऊन राहिल्या होत्या, तेव्हा एकट्या माणसाकडे रंगकाम लांबायचंच, असं आईसुद्धा म्हणाली.

मग तो उन्हाळा आला. जुलै लागला की तिथली आपली वस्ती रिकामी होते. शाळा बंद, तिकिटं आधीच काढलेली, बायका-मुलं गावी आणि मागे उरतात ते पुरुष, मॅगी आणि एसी. माझं दहावीचं वर्ष होतं, ऑनलाइन जादा तास लागले होते, म्हणून मी राहिले. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून आई गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला अंगणात नेलं, एकेकीला उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मनू, पाणी, सावली आणि वारा. बाकी त्यांना त्यांचं कळतं. बाबांना फार डोकं चालवू देऊ नकोस."

"आय नो, आई."

"आय नो नको. पाच ठेवून चाललेय, आल्यावर मला पाच दिसल्या पाहिजेत." हसत म्हणाली, पण एअरपोर्टवर आत जाताना मला मिठी मारून पुन्हा तेच बोलली, आणि तेव्हा ती हसत नव्हती.  पंधराव्या वर्षी कुणी आपल्यावर खरंखुरं काही सोपवून गेलं की अभिमान आणि भीती दोन्ही एकदम वाटतात.

आठवड्याभरात ग्रुपमधले निम्मे लोक पुण्या-ठाण्यात पोचले आणि तिकडच्या गॅलरीत बसून सल्ले देऊ लागले. खिडकीबाहेर पाऊस कोसळतोय, हातात कांदाभजी, आणि लिहितायत, "एव्हाना तिकडचं ऊन उतरलं असेल, कोंबड्यांना दुपारी मोकळं सोडा." अहो, उतरलं असेल? चार दिवसांपूर्वी तुम्हीच इथे होतात ना! आमच्याकडे ऑगस्टमध्ये घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. समुद्रावरून दमट हवा यायची ती हलायचं नावच घ्यायची नाही. वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी सकाळपेक्षा ओला असायचा. नद्या बिचाऱ्या बोरीखाली पंख फाकवून, चोची उघड्या टाकून धापा टाकत बसायच्या. अंडी पाचावरून दोनावर आली. मी पाणी बदलायचे, कलिंगडाच्या फोडी द्यायचे, दुपारी दर तासाला जाऊन बघून यायचे. आईने सांगितल्यापेक्षा जास्त मी काही करत नव्हते.

बाबांना मात्र चैन पडेना. क्वालिटीच्या माणसाला नुसतं बघत बसवत नाही. त्यांनी ग्रुपमधले उन्हाळ्याचे सगळे सल्ले काढून एक तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. सोमवारी जिऱ्याचं पाणी, मंगळवारी ताक, बुधवारी 'ताक अजिबात नको'. मी म्हटलं, "बाबा, दिस इज मॅड." ते म्हणाले, "एवढी अनुभवी माणसं सांगतायत, वेडी आहेत का?" आणि ग्रुपच्या सगळ्यात वर, पिन करून ठेवलेला, दातारकाकांचा तो प्रसिद्ध मेसेज होता. दोन वर्षांपूर्वीचा. 'उन्हाळ्यावर एकच रामबाण उपाय, ओलं गोणपाट. खुराड्याच्या चारी बाजूंनी घट्ट बांधा, सकाळी भिजवा. आत महाबळेश्वर.' बासमतीच्या तागाच्या पिशव्या आमच्या घरात वर्षानुवर्षं साठवलेल्या होत्या, कारण बाबा काही टाकू देत नाहीत. एका सकाळी सहाला उठून त्यांनी त्या उसवल्या, शिवल्या, खुराड्याला चारी बाजूंनी बांधल्या, पाइपने चिंब भिजवल्या. कोंबड्या आत घालून दार लावलं. मग चार पावलं मागे जाऊन फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'दातारसाहेबांच्या पद्धतीने. महाबळेश्वर रेडी!' आणि खुशीत ड्यूटीवर गेले. मला सांगून गेले, "नऊ वाजता परत भिजव. दार उघडू नकोस, गारवा जाईल."

नऊच्या आधीच माझा फोन वाजला. दातारकाका. ते मला कधी फोन करायचे नाहीत, म्हणून मी घाबरलेच.

"मनू, बाबा कुठे आहेत?"

"प्लांटवर. फोन लॉकरमध्ये असतो त्यांचा."

"आई गं! बेटा, पळ. आधी ती पोती काढ. सगळी. फाड, कात्रीने काप, काहीही कर. आणि दार उघड. मी निघालोय."

"पण काका, तुम्हीच तर..."

"बोलू नको! पळ!"

मी अनवाणी पळाले. पोत्याला हात लावला तर ते कढत होतं. दार उघडलं आणि आतून जी वाफ तोंडावर आली ती मला आजही आठवते, कुकरचं झाकण काढल्यावर येते तशी. चौघीजणी जाळीला चिकटून, माना लांब करून, डोळे अर्धे मिटून पडल्या होत्या. पाचवी मुठा. ती कोपऱ्यात आडवी झाली होती. उचलली तर मान लटकली. मी तिला हलवलं, हाका मारल्या, चोचीत पाणी घातलं. गेली होती. मी तिथेच वाळूत बसले आणि मोठ्याने रडायला लागले, आणि रडतारडता एका हाताने पोती ओढत होते. बाकीच्या चौघींना कसं उचललं, कशात घालून घरात आणलं, ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की हॉलमध्ये एसी लावला आणि आईच्या चांगल्या गालिच्यावर त्यांना ठेवलं.

काका पाऊण तासात आले. ते दुबईच्या रस्त्यावर अडकले होते. बाबांचा फोटो बघितला आणि पहिल्या वळणावरून गाडी फिरवली. उलट्या दिशेला तिथे सकाळी रस्ता मोकळा असतो. ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात टाय, कपाळावर घाम. दारातूनच विचारलं, "किती?"

"चार," मी म्हटलं. "मुठा गेली."

त्यांनी डोळे मिटले. मग बूट काढले, विजारीचे पाय दुमडले, आमच्या बाथरूममध्ये जाऊन टबमध्ये चार बोटं पाणी सोडलं. बर्फ नको म्हणाले, एकदम गार नको, नुसतं थंड. "पाय तेवढे बुडव. पंख भिजवू नको. चोचीला थेंबथेंब पाणी लाव, ओतू नको." टबमध्ये चार कोंबड्या उभ्या केलेल्या, दोन मी धरलेल्या, दोन त्यांनी, आणि त्यांच्या टायचं टोक पाण्यात. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं! अर्ध्या तासाने भीमेने डोळे उघडले. मग नीरेने मान झटकली आणि काकांच्या शर्टावर असा काही रिपोर्ट सादर केला की रडतारडता मला हसू फुटलं. "वाच," मी म्हटलं, "रोज वाचायचा असतो ना." काकाही हसले. आणि हसतानाच त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला.

चौघी धोक्यातून बाहेर आल्यावर ते उलट्या बादलीवर बसले. मला राहवेना. मी विचारलं, "काका, तुम्हाला फोटो बघून कसं कळलं? यू ओन्ली टोल्ड देम टू डू इट."

त्यांनी टायचं ओलं टोक पिळलं. "मे महिन्यात चालतं ते," म्हणाले. "कोरडी हवा असते तेव्हा. आमच्या अकोल्याला अख्खा उन्हाळा वाळ्याच्या ओल्या ताट्यांवर निघतो. इथे ऑगस्टात पोतं वाळतच नाही, मग गारवा कुठून यायचा? नुसती वाफ कोंडते." मग अगदी हळू आवाजात, "मागच्या ऑगस्टात मीही बांधली. नलू अकोल्याला जाऊन दहा दिवस झाले होते. सहा कोंबड्या होत्या तिच्या. पिल्लं आणून वाढवलेल्या. बांधली, भिजवली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर..." त्यांनी हात नुसता हवेत उडवला. "सहाही."

"मग आता तुमच्याकडे..."

"एकही नाही."

मी हादरलेच. वर्षभर हा माणूस आम्हाला कोंबड्यांची विष्ठा वाचायला शिकवत होता! "आणि संक्रांतीला तुम्ही घरची अंडी आणली होतीत ती?"

"सुपरमार्केटची."

आईने त्या अंड्यांची आमटी करून वर ग्रुपवर लिहिलं होतं, 'घरच्या अंड्याची चवच न्यारी.' मी ते त्या वेळी बोलले नाही, काकांची अवस्था बघवत नव्हती. पण दुसरं बोलले. पंधरा वर्षांच्या मुलीला न्याय फार स्वच्छ दिसतो. "काका, तुम्हाला माहीत होतं. तरी तो मेसेज वर ठेवलात. का?"

"मले मालूम होतं वं माय," ते म्हणाले. अकोल्याची बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली. "काढला असता तर लोकांनी विचारलं असतं, का काढला. मग सांगावं लागलं असतं. ग्रुपमध्ये नलूही आहे. तिला वाटतं, तिच्या सहाही जणी मजेत आहेत." त्यांनी ओल्या हातांनी तोंड झाकलं. "तुझी मुठा माझ्यामुळे गेली." त्यावर 'नाही हो काका' असं म्हणायची पद्धत असते. मी म्हटलं नाही. मला खरंच राग आला होता, आणि त्या माणसाची कीवही आली होती.

जेवायच्या सुट्टीत बाबांनी फोन बघितला आणि धावत घरी आले. हॉलमध्ये गालिच्यावर कोंबड्या, सोफ्यावर बाबांच्याच लुंगीत बसलेले दातारसाहेब, आणि माझे सुजलेले डोळे. सगळं ऐकल्यावर खाली बसले. पहिलं वाक्य काय बोलावं? "मनूच्या आईला आत्ता काही सांगू नका. आजीचं ऑपरेशन परवा आहे. मी शनिवारी बाजारातून तशीच एक आणतो. सेम बॅच, कळणार नाही."

काकांनी त्यांना हातानेच थांबवलं. "वहिनींना आत्ता फोन करा," काका म्हणाले. "आत्ता. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी दुप्पट अवघड होतं. मी वर्षभर करून बघितलंय."

बाबांनी फोन केला. आई आधी "कोणती?" म्हणाली, मग रडली, आणि मग पंधरा मिनिटं बोलली. त्यातली चौदा बाबांना होती. तो तक्ता, ती पोती आणि बाबांचं एकंदर डोकं यांचा तिने समाचार घेतला. उरलेल्या मिनिटात मला म्हणाली, "मनू, तू चार वाचवल्यास. मी पाचच्या हिशेबावर अडून बसणारी बाई नाही गं." मी फोन तसाच कानाला धरून हमसाहमशी रडले.

दातारकाका उठले. लुंगी सावरली, टाय मात्र का कोण जाणे परत गळ्यात घातला, आणि आमच्या सोफ्यावर ताठ बसून फोन तोंडाजवळ धरला. "हे बघा मंडळी," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. पुसून टाकलं. पुन्हा "हे बघा मंडळी". पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी ते न थांबता बोलले. "ओल्या गोणपाटाचा मेसेज मी काढून टाकतोय. ऑगस्टच्या दमट हवेत त्याने कोंबड्या गुदमरून मरतात. आज मनूच्या घरची एक गेली. मागच्या वर्षी माझ्या सहा गेल्या, एका दिवसात. तेव्हापासून माझ्याकडे एकही कोंबडी नाही. मी कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी पोती बांधली असतील त्यांनी आत्ता, हा मेसेज ऐकताऐकता, जाऊन काढा. आणि नलू, या सहा तुझ्या होत्या. मला माफ कर."

ग्रुपवर इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती. इथे कोंबडीच्या शिंकेवर चौदा उत्तरं यायची! बाबा उगाच पाणी आणायला उठले. पाच मिनिटांनी अजमानहून सबनीसकाकूंचं आलं, 'काढली पोती. वाचल्या. थँक यू.' त्याखाली लगेच त्यांचंच, 'आमच्या दोन जूनमध्येच गेल्या. सांगायची लाज वाटली.' मग ठाण्याहून एकाचं, 'आमच्या तीन, मांजराने.' मग एकेक करून सगळे. अर्ध्या तासात त्या कुक्कुट परिवारात जिवंतांपेक्षा मेलेल्याच जास्त निघाल्या, आणि पहिल्यांदाच कुणी कुणाला उपाय सांगितला नाही. काका मात्र काही वाचत नव्हते. ते एकाच नावाची वाट बघत होते.

ते नाव आलं तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तू वाच बेटा. माझ्याच्याने होत नाही."

मी मोठ्याने वाचलं. 'शेजारच्या भाभींनी मला त्याच संध्याकाळी फोन केला होता. तुम्ही खुराड्यापाशी बसून रडत होतात असं सांगितलं. म्हणून मी विचारलं नाही. व्हिडिओ कॉलवर रोज घरची म्हणून अंडी दाखवत होतात, त्यांच्यावर सुपरमार्केटचा लाल शिक्का असतो, तो तरी पुसायचा.'

बाबा आधी हसले, मग मी. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, तिथेच नलिनीकाकूंना लावला, आणि बटण चुकून स्पीकरचं दाबलं गेलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते. पलीकडून "हॅलो" आलं.  काका एवढंच म्हणाले, "वर्षभर माहीत होतं तुला?"

"हो," काकू म्हणाल्या. "दोन वाजून गेले. जेवलात का?"